परत आलेल्यांची यादी

वेंगुर्ले बंदर. बर्फाच्या कारखान्यामागची खोली.
इथे मी मच्छीमार सोसायटीचा कारकून.
अकरा वर्षं, दर अमावास्येच्या आधी,
ईमेलनं एक पत्रक पाठवत आलो:
उधाण कधी, भांग कधी,
डिझेल काय भावानं,
कुणाची होडी विकायची आहे, कुणाचं नुसतं इंजिन.
सहाशे चाळीस पत्ते, दाभोलीपासून शारजापर्यंत.

माघातलं पत्रक गेलंच नाही.
ज्या सेवेमार्फत पाठवतो तिनं कुलूप घातलं.
म्हणे, तुमची परत येणारी पत्रं फार झाली,
आधी ती कमी करा.
कमी करायची तर मेलेले पत्ते काढायला हवेत,
आणि काढायचं बटण
कुलपाच्या आत.

यादी तेवढी दिसते, काचेपलीकडची.
'पत्ता अस्तित्वात नाही': बाबल केळुसकर,
ज्यानं नाव नोंदवतानाच जीमेलला एक ल जास्त दिला
आणि अकरा वर्षं मला विचारतो,
"माका कित्याक धाडनस नाय?"
'ठिकाण सापडत नाही': महंमदअली शेखची कंपनी,
गाशा गुंडाळून तीही आखातातून परत.
'पेटी भरलेली': इनास रॉड्रिग्ज.

मदतकक्षाला लिहिलं. डोळा लवायच्या आत उत्तर:
"नमस्कार पहिले नाव,
आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे."
माझं नाव घालायची जागा तशीच कोरी राहिलेली.
पुन्हा लिहिलं.
नमस्कार पहिले नाव.
पाचव्या खेपेपासून मीही खाली सही करू लागलो:
आपला विश्वासू, पहिले नाव.

पूर्वी टपाल परत यायचं तेव्हा
पाकिटावर पोस्टमनची निळी, तिरकी ओळ असायची:
मालक मिळत नाही, घर बंद, मुंबईस गेले.
कुणीतरी चढण चढून गेलं होतं,
कडी वाजवली होती,
शेजारणीला विचारलं होतं.

तेराव्या तक्रारीवर कळवलं: "आपली समस्या सोडवली आहे."
सोडवली.
खुंट्यावरची दोरी सोडवतात तशी.
होडी मतलईबरोबर कुठे गेली
ते कुणी बघायचं?
खाली पाच चांदण्या, अनुभव कसा वाटला सांगा.
मी एकीवर बोट ठेवलं.
पान उघडेना.

मग जुनं रजिस्टर काढलं, वाळवी लागलेलं,
आणि फोन करत सुटलो.
बाबलचा एक ल फोनवरच छाटला, कागदावर.
तो म्हणाला, "आता तरी येतला मां?"
मी हो म्हटलं. खोटंच.
भरती-सुकतीच्या वेळा कारखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहिल्या.
दुपारपर्यंत बर्फाच्या ओलीनं
सप्तमी, अष्टमी पुसून गेल्या.

इनासच्या नंबरावर मुलगी बोलली, उभादांड्याहून.
"पप्पा गेले त्येका दोन वर्सां झाली.
पेटी भरली ती तुमच्याच पत्रांनी. आणि बँकेच्या.
मी उघडून बघतंय कधीतरी.
पासवर्ड त्यांच्या होडयेचा नाव."
मी कारकुनी आवाजात विचारलं,
नाव कमी करू का?
पलीकडे कुकरची एक शिटी झाली, मग दुसरी.
"काय गरज नाय," ती म्हणाली,
"मी जुनी बँकेची काढून टाकतंय, तुमका जागा होतली."

रात्री दिवा गेला. मोबाइलच्या उजेडात
चौदावी तक्रार लिहायला बसलो.
महोदय,
यापूर्वी तेरा वेळा कळवल्याप्रमाणे
मेलेले पत्ते यादीतून काढावेत.
मात्र अनुक्रमांक चारशे बारा
इनास सायमन रॉड्रिग्ज
यांचं नाव काढू नये.
कारण:

कारणाच्या रकान्यात फक्त वीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, 'जागा होत आहे.'

धाडलं. खिडकीबाहेर कुणीतरी रात्रीचं जाळं भरत होतं,
बॅटरीचा झोत छपरावरून सरकून गेला.

नमस्कार पहिले नाव.